बंद केलेला कॉम्प्युटर बंद राहीना

मिस्त्रींच्या घरातला कॉम्प्युटर बंद होत नव्हता असं म्हटलं तर त्याच्यावर अन्याय होईल. बंद तो अगदी शहाण्यासारखा व्हायचा. पडदा काळा व्हायचा, पंख्याचा आवाज उतरत उतरत थांबायचा, पुढचा हिरवा दिवा विझायचा. मिस्त्रीणबाई खुर्ची आत सरकवून, चष्मा डबीत ठेवून स्वयंपाकघरात जायच्या, कांदा चिरायला घ्यायच्या, आणि तो निम्माही चिरून होत नाही तोच मधल्या खोलीतून आवाज यायचा: भुर्रर्र. दिवा लागलेला, पडदा उजळलेला, जणू मधे काही झालंच नाही.

"आला बाई परत," असं म्हणून बाई हात पुसत जायच्या आणि सरळ प्लग उपटायच्या.

मिस्त्री हे काही त्यांचं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. कचेऱ्या, इस्पितळं, आठ-आठ मजली इमारती, कुठे लिफ्ट अडकली की मिस्त्रींना बोलावणं जायचं. आजूबाजूला सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, आणि ओघानेच त्यांच्या बायकोला मिस्त्रीणबाई. बाईंचा स्वतःचा उद्योग मात्र वेगळा होता. त्या एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचत. बावीस वर्षं, आठवड्याला एक, आणि तेही गुरुवारी दुपारी बाराच्या आत पोचलं पाहिजे. सुरुवातीला कागदावर, आणि गेली तेरा वर्षं या कॉम्प्युटरवर.

मिस्त्री निवृत्त होऊन सात महिने झाले होते. पहिले दोन महिने त्यांनी झोपून काढले. पुढचे दोन घरातल्या कड्या-बिजागऱ्यांना तेल घालण्यात गेले. मग घरात कुरकुरणारं काही उरलं नाही, तेव्हा त्यांची स्वतःचीच कुरकुर सुरू झाली. भाजीला मीठ कमी आहे, वर्तमानपत्र उशिरा येतं, समोरच्या इमारतीतली लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर हिसका देते. ही शेवटची तक्रार घेऊन ते दोनदा त्या इमारतीत जाऊन आले, आणि दोन्ही वेळा पहारेकऱ्याने त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

त्या सोमवारी बाईंनी प्लग उपटला तो नेमका त्यांच्यादेखत.

"अगं, अगं! चालत्या मशीनचा प्लग असा उपटायचा नसतो."

"चालतं कुठे? बंद केलाय मी त्याला."

"तू केलास. तो कुठे झालाय?"

"मग तुम्ही सांगून बघा त्याला," बाई म्हणाल्या. "तसाही तो तुमच्याच वळणावर गेलाय. निवृत्त केला तरी घरी बसवत नाही त्याला."

मिस्त्रींनी टोमणा कानाआड केला. सात महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या पाठीचा कणा सरळ झाला होता. कपाटाच्या तळातून त्यांनी एक कोरी वही काढली, पट्टीने रेघा मारून रकाने पाडले: तारीख, तक्रार, तपासणी, कारण. मग कानावर पेन्सिल अडकवून बायकोसमोर बसले.

"दोष पहिल्यांदा कधी लक्षात आला?"

"पंधरा दिवस झाले असतील."

"त्या वेळी आत कोण होतं?"

"कॉम्प्युटरच्या आत?"

"म्हणजे समोर गं. सवयीने म्हणालो."

"समोर मीच. दुसरं कोण?"

"भार जास्त झाला होता का?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाचा?"

"मशीनवरचा! पुष्कळ खिडक्या उघड्या ठेवल्या होत्यास का, असं विचारतोय."

"एकच. तीही कोड्याची."

मिस्त्रींनी 'भार नाही' असं लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

मग त्यांनी मेहुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, त्याचं बाजारात कॉम्प्युटरचं दुकान होतं. मनाने चांगला माणूस, पण कुठल्याही दुखण्यावर त्याचं औषध एकच.

"भावोजी, किती वर्षांचा झाला तो?"

"तेरा."

"कॉम्प्युटरची तेरा म्हणजे माणसाची नव्वद. जाऊ द्या हो आता त्याला."

"जाऊच तर देतोय! तोच परत येतोय."

मेहुणा पोटभर हसला, आणि मग भावोजी ऐकत नाहीत म्हटल्यावर त्याने चार उपाय सांगितले. एक, नवे अपडेट अर्धवट राहिलेत का बघा. कधीकधी बिचारा तेवढ्यासाठीच उठून बसतो. दोन, फास्ट स्टार्टअप नावाची सोय असली तर काढून टाका. लवकर उठता यावं म्हणून त्यात तो धड झोपतच नाही. तीन, बंद होताना काही चुकलं तर आपोआप रिस्टार्ट व्हायचं अशी एक खूण असते, ती काढा. आणि चार, माउस नुसता हलला तरी जागं व्हायची त्याला परवानगी असते, ती काढून घ्या.

"बघा," बाई म्हणाल्या, "त्याला उंदीर हलला तरी जाग येते. तुम्हाला डोक्याशी भांडं पडलं तरी येत नाही."

सोमवार या चार उपायांत गेला. प्रत्येक वेळी मिस्त्री कॉम्प्युटर बंद करत, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून ताठ बसत, आणि चाळीस-बेचाळीस सेकंदांनी भुर्रर्र झालं की वहीत लिहीत: फरक नाही. चार ओळींत चार वेळा 'फरक नाही' लिहून झालं तेव्हा बाईंनी त्यांना जेवायला हाक मारली. तिसऱ्या हाकेला ते उठले.

मंगळवारी त्यांनी धंद्यातला नियम लावला. दोष सापडत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट सुटी करायची. बंद केल्या केल्या आधी प्रिंटरची वायर काढली. फरक नाही. मग स्पीकर. मग इंटरनेटची वायर. मग माउस, मग कीबोर्ड. शेवटी नुसता उघडाबोडका डबा आणि विजेची वायर एवढंच उरलं, तरी तो पठ्ठ्या बेचाळिसाव्या सेकंदाला उठून बसला.

"म्हणजे दोष आत आहे," मिस्त्री समाधानाने म्हणाले.

"ते मी सोमवारीच सांगितलं असतं."

"तुझं सांगणं म्हणजे अंदाज. हा निष्कर्ष आहे."

बुधवारी बाई बाजारात गेल्या, आणि इथेच घात झाला. मिस्त्रींनी डबा उचलून गॅलरीत नेला, तोंडाला रुमाल बांधला आणि स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडला. आत तेरा वर्षांची धूळ होती. पंख्यावर तर तिची गोधडीच झाली होती. रंगाचा जुना ब्रश घेऊन त्यांनी ती अशी काही झाडली की खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे आत घेतले. सात शिंका आल्या. पण डबा आतून लखलखीत झाला. त्यांनी पत्रा बसवला, सगळ्या वायरी जागच्या जागी लावल्या आणि सुरू करायचं बटण दाबलं.

काही नाही. पुन्हा दाबलं. जोरात दाबलं. बोट बदलून दाबलं. ना दिवा, ना पंखा.

बाई पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या तेव्हा मिस्त्री डब्यासमोर मांडी घालून बसले होते. रुमाल गळ्यात लोंबत होता.

"झाला का बंद?" बाईंनी विचारलं.

"झाला."

"आणि राहिला?"

"राहिला."

"मग तोंड असं का?"

"आता सुरू होत नाहीये."

बाईंनी पिशवी खाली ठेवली. उद्याचं कोडं त्या डब्यात होतं. चौकोन भरून झाला होता, शब्द ओळखायच्या खुणा निम्म्या लिहून झाल्या होत्या. मिस्त्रींनी मान खाली घातली आणि बोलणी खायची तयारी केली. पण बाई एक शब्द बोलल्या नाहीत. आत गेल्या, भाजी निवडली, जेवायला वाढलं. आजचं मीठ अगदी बेताचं होतं, आणि मिस्त्रींना घास गिळवेना. पस्तीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट ते शिकले होते. बाई बोलत असतात तोवर सगळं ठीक असतं.

गुरुवारी सकाळी नऊला बाईंनी खणातून चौकटीचा कागद काढला, पट्टी काढली आणि जेवणाच्या टेबलाशी बसल्या. जुनं कोडं जेवढं आठवेल तेवढं घ्यायचं, बाकी नव्याने रचायचं. तीन तास होते. मिस्त्री थोडा वेळ दारात घुटमळले, मग समोरच्या खुर्चीवर येऊन बसले आणि बाईंच्या पेन्सिलींना टोकं काढू लागले.

"रिकामा न्हावी भिंतीला लावतो," बाई स्वतःशीच पुटपुटल्या. "तीन अक्षरी."

"तुंबड्या," मिस्त्री चटकन म्हणाले. मग टोकयंत्र थांबलं. "ही खूण आत्ता सुचली तुला?"

"समोरच बसलीय, सुचेल नाहीतर काय."

बाई पुन्हा बोलायला लागल्या होत्या. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. त्यांनी आणखी दोन पेन्सिलींना टोकं काढली, एकीचं मोडलं, पुन्हा काढलं. अकराच्या सुमाराला सगळा चौकोन भरत आला, एक कोपरा तेवढा राहिला.

"तीन अक्षरी. मधे ट, शेवटी ण."

"बटण! यात अडण्यासारखं काय आहे? जन्म गेला माझा त्यात."

"शब्द मलाही येतो हो. खूण नवीन सुचत नाहीये. 'शर्टाला असतं' हे मी चारदा देऊन बसलेय."

"मग लिफ्टचं दे. दाबलं की बोलावतं, अडकलं की..."

मिस्त्रींचं वाक्य तिथेच थांबलं. हातातली पेन्सिल टेबलावर घरंगळली.

"अडकलं की काय?" बाईंनी विचारलं.

"अगं, त्याला कुणीतरी बोलावतंय."

"आता हे काय नवीन?"

मिस्त्री खुर्ची मागे ढकलून उभेच राहिले. बरीच वर्षं झाली होती त्या गोष्टीला. एका कचेरीतली लिफ्ट संध्याकाळी माणसं घरी गेली की आपली आपण तिसऱ्या मजल्यावर जायची, दार उघडायची, थांबायची आणि परत यायची. मेलेले हेडक्लार्क सही करायला येतात, असं म्हणून शिपायाने तिथे थांबायचं सोडलं होतं. मिस्त्रींनी तीन दिवस मोटर तपासली, वरची पेटी तपासली, दोर तपासले. दोष निघाला तिसऱ्या मजल्यावरच्या बटणात. वरून पाहिलं तर जागच्या जागी, पण आतून केसभर दाबलेलं. कुणीतरी बोलावतंय असं वाटून लिफ्ट आपली इमानेइतबारे जात होती.

"आणि ही गोष्ट तुम्हाला सोमवारी आठवली नाही?"

"सोमवारी मी कॉम्प्युटर दुरुस्त करत होतो," मिस्त्री म्हणाले. "बटण दुरुस्त करायचंय हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

पत्रा पुन्हा निघाला. पुढच्या बटणापासून दोन बारीक वायरी आत येत होत्या, आणि त्यांची टोकं हवेत लोंबत होती. कालच्या ब्रशाने त्या उपटल्या होत्या. म्हणूनच तो सुरू होत नव्हता. मिस्त्रींनी मेहुण्याला फोन लावला.

"काय भावोजी, सुटला का एकदाचा?"

"थट्टा नंतर. बटणाच्या वायरी आत कुठे बसतात?"

मेहुण्याचा आवाज बदलला. "खालच्या कोपऱ्यात बारीक पिनांची रांग आहे बघा. त्यातल्या दोन बटणाच्या, शेजारी अक्षरं असतील. पण वायरी लगेच लावू नका. त्या दोन पिनांना एकदम स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवा, क्षणभरच. सुरू झाला आणि नंतर बंद राहिला, तर दोष बटणाचा. आणि भावोजी, दुसरीकडे कुठे टेकवू नका."

"चौतीस वर्षं विजेत हात घालतोय मी."

"म्हणूनच सांगतोय."

बाईंनी बॅटरीचा उजेड धरला. मिस्त्रींनी श्वास रोखून टोक टेकवलं. भुर्रर्र! हिरवा दिवा लागला, पडदा उजळला, कालचं अर्धं कोडं जसंच्या तसं होतं. दोघं एकमेकांकडे बघून हसले. मग बाईंनी माउस हातात घेतला आणि कॉम्प्युटर बंद केला.

दोघं समोर खुर्च्या घेऊन बसले. चाळीस सेकंद झाले. पन्नास. एक मिनिट. मिस्त्रींची नजर घड्याळावर, बाईंची हिरव्या दिव्यावर. काहीही न होण्याची इतक्या आतुरतेने वाट त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"मला वाटतं..." मिस्त्रींनी तोंड उघडलं.

"हळू," बाई कुजबुजल्या. "जागा होईल."

पाच मिनिटं झाली तरी डबा गप्प होता. मिस्त्री उठून येरझाऱ्या घालू लागले. "चल, सुरू करतो पुन्हा. तुझं कोडं घालून टाक त्यात. बाराला दहा मिनिटं आहेत."

"कोडं गेलं की मघाशीच."

"गेलं? कसं?"

"तुम्ही फोनवर होतात तेव्हा. शेवटची खूण लिहिली, मोबाइलने कागदाचा फोटो काढला, पाठवला. संपादकांचा निरोपही आला. अक्षर अजून किती छान आहे, म्हणाले."

मिस्त्रींनी हवा गेलेल्या फुग्यासारखे खांदे पाडले. बाईंना त्यांची दया आली. "पण बंद राहिला हो तुमचा," त्या म्हणाल्या. "ते काही खोटं नाही."

दुपारी मिस्त्रींनी मूळ बटण बाहेर काढलं. धड आत नाही, धड बाहेर नाही, असं ते आपल्या खोबणीत लोंबकळत होतं. कडेला तपकिरी, चिकट असं काहीतरी सुकून बसलं होतं. त्यांनी नखाने खरवडलं आणि वास घेतला. मग हळूच शेजारी पाहिलं. डब्याला लागून त्यांची आरामखुर्ची होती. डब्याची उंची खुर्चीच्या हाताएवढी, म्हणजे कप ठेवायला अगदी सोयीची. सात महिने ते तिथेच चहा पीत होते.

बाईंनी वही आणली, शेवटचा रकाना उघडला आणि पुढ्यात ठेवली. लिफ्टमध्ये कुणी सरबत सांडलं, कुणी छत्रीच्या टोकाने बटण दाबलं, की मिस्त्री कारणाच्या रकान्यात दोन ठरलेले शब्द लिहीत आणि वर त्या लोकांना चार शब्द ऐकवत.

"लिहा," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी लिहिलं: वापरणाऱ्याची चूक.

"कुठल्या?"

"अगं, पुरे की."

"पूर्ण लिहावं माणसाने."

धुऊन-पुसूनही ते बटण चिकटायचं राहिना, त्याची स्प्रिंगच गेली होती. मिस्त्रींनी माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. त्यात लिफ्टचं कायकाय वाचवून ठेवलेलं होतं. शोधून शोधून एक गोल, स्टीलचं, घट्ट बटण निघालं. कॉम्प्युटरच्या पुढच्या बाजूला सीडीचा एक मोकळा खण होता. त्याच्या झाकणाला गोल भोक पाडून त्यांनी ते बसवलं, दोन वायरी जोडल्या आणि बाईंना बोलावलं.

बटणावर वर जाणारा बाण होता.

"वर जायचं?" बाई दोन पावलं मागे सरकल्या. "नको बाई. मला एवढ्यात वर जायची घाई नाही."

"अगं, नुसता बाण आहे."

"तुम्ही दाबा मग."

मिस्त्रींनी बोट पुढे केलं, आणि त्यांनाही ते कसंसंच वाटलं. त्यांनी बटण काढलं आणि उलटं करून बसवलं. आता बाण खाली आला. बाईंनी तो दाबला. घट्ट, गुबगुबीत, कट्ट असा आवाज करणारं बटण होतं ते. कॉम्प्युटर सुरू झाला. बंद केला, बंद राहिला. बाईंनी उगाचच तीनदा करून पाहिलं.

रविवारी मेहुणा मुद्दाम आला. त्याने बटण दाबून पाहिलं, वाकून पाहिलं, मोबाइलवर त्याचा फोटो घेतला. "भावोजी, खरं सांगू? हा दुकानात आला असता तर मी उघडलाही नसता. जुना झाला म्हणून नवा विकला असता."

मिस्त्री यावर फुलायला हवे होते. पण बाई पाणी आणायला आत गेल्या तसे ते मेहुण्याच्या कानाशी लागले. "ऐक. आत कान दे जरा. टिक, टिक ऐकू येतंय?"

मेहुण्याने कान लावला. "डिस्क आहे. महिनाभर चालेल किंवा वर्षभर. सांगता येत नाही."

"मलाही तसंच वाटलं. दोराचे तंतू तुटायला लागले की असाच आवाज येतो. हिला एवढ्यात सांगू नकोस, बावीस वर्षांचं काम आहे तिचं. जुनी कागदावरची कोडीसुद्धा तिने बसून यात टाइप केलीत. आधी गुपचूप ती सगळी कुठेतरी उतरवून घेऊ, मग सांगू."

"कशात उतरवणार?" मागून बाईंनी विचारलं. त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. दुसरा हात त्यांनी खणात घातला आणि बोटाएवढा एक पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. "यात सगळी आहेत. अकराशे चाळीस. टिकटिक ऐकू यायला लागली तेव्हाच उतरवली."

"कधी?"

"तुम्ही समोरच्या लिफ्टचा हिसका बघायला गेला होतात, त्या दोन दिवशी."

मेहुणा हसून हसून आरामखुर्चीत कोसळला. मिस्त्रींना मात्र जरासं लागलं. ते पेनड्राइव्ह हातात घेऊन उलटासुलटा करत राहिले. एवढीशी गोष्ट, आणि त्यात अकराशे चाळीस आठवडे. "मला सांगितलं का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं होतं का कधी, मी दिवसभर इथे बसून काय करते?"

मिस्त्रींनी खूप आठवून पाहिलं. विचारलं नव्हतं. मग त्यांनी एक खुर्ची ओढली आणि बाईंच्या शेजारी मांडली.

"त्यानंतरची राहिली असतील ना उतरवायची? मला दाखव, कसं करतात."

"दाखवते. माउस असा आवळू नका, तो पळून जात नाही."

पहिलं कोडं उतरवायला मिस्त्रींना अकरा मिनिटं लागली. त्यात ते दोनदा भलत्याच ठिकाणी गेलं आणि बाईंनी ते शोधून परत आणलं. मग त्यांनी सरावाला म्हणून मागच्या आठवड्याचंही उतरवलं. ते सात मिनिटांत झालं. तोवर मेहुणा आरामखुर्चीत घोरायला लागला होता.